एकशे साठ ग्रॅम

रात्री अडीचला वर्धा-बडनेरा सेक्शनवरच्या
सोळा गाड्या माझ्या कानात असायच्या
आणि पोटात एक,
जिला अजून नंबर मिळाला नव्हता.

बोरकुटे थर्मास घेऊन यायचे.
"मॅडम, अर्धाच देऊ?"
मी म्हणायची, अर्धा दोनदा द्या.
जायफळ त्यांच्या बायकोनं किसलेलं,
साखर जास्त, दूध नावाला,
आणि सेवाग्रामच्या अलीकडे लूप लाइनवर
कोळशाचा एक रेक माझ्या होकारासाठी खोळंबलेला.
झोपून कसं चालेल.

सातव्या महिन्यात आतेसासूबाई आल्या उमरेडहून.
"काहून वं, येवढी कॉफी पेतं?
लेकरू कायंकुट्ट होईन ना."
खाणीशेजारी जन्म काढलेली बाई
कोळशाच्या रंगाला भीत होती.
मी हसले. त्यांचा भाचा तरी कुठे संगमरवराचा.
रंगाची काळजी घरात सगळ्यांनाच होती,
आकाराची कुणालाही नव्हती.

आकार काढला डॉक्टर मोहगावकरबाईंनी,
रामदासपेठेत, दुसऱ्या मजल्यावर,
शिंप्याकडे असते तसल्या टेपनं.
आठवडे चौतीस. टेप म्हणाली, एकतीस.
"दिवसाला किती कप?"
मी कप कधी मोजलेच नव्हते,
मी गाड्या मोजल्या होत्या.
म्हटलं, चार.
(होते सहा.
सहावा मी स्वतःपासूनही लपवलेला.)

त्या रागावल्या नाहीत, तेच लागलं.
म्हणाल्या, तुमच्या अंगातून ती सकाळपर्यंत निघून जाते,
त्याला अजून बाहेर टाकता येत नाही.
त्याच्यात ती रेंगाळते.

घरी येताना शंकरनगर चौकात सिग्नल लाल होता
तेव्हा कळलं:
मला वाटायचं, अख्ख्या नागपुरात
रात्री मी एकटीच जागी असते.

कॉफी सोडली. डोकं तीन दिवस ठणकत राहिलं.
मे महिना, कूलरला पाणी पुरत नव्हतं,
दिवसपाळीचा अर्ज कुणाच्या तरी टेबलावर
सिग्नल न मिळालेल्या मालगाडीसारखा उभा.
बोरकुटे त्याच थर्मासमधून ताक ओतायचे,
ताकाला जायफळाचा वास यायचा
आणि मी जांभया देत, नखं तळव्यात रुतवत
गाड्या सोडायची.
एकही लेट झाली नाही, हे इथं नोंदवून ठेवते.

मुलगी. एकोणचाळीस आठवडे, राइट टाइम.
काट्यावरचे लाल आकडे आधी थरथरले,
मग स्थिर झाले:
दोन किलो तीनशे चाळीस.
अडीचला एकशे साठ कमी.
किराण्याच्या यादीसारखा हिशेब डोक्यात झाला
टाके घालायच्याही आधी:
दीडशे ग्रॅमची एक बाटली,
वर दोन चमचे.

"सगळं कॉफीच्या माथी मारू नका,"
मोहगावकरबाई म्हणाल्या. "रात्रपाळी आहे,
तुमची उंची आहे. तुमचं स्वतःचं वजन
जन्मली तेव्हा किती होतं?"

काटोलला फोन लावला.
आई म्हणाली, "वजन कोण करतं वं तेव्हा!
सुपात ठेवलं होतं तुले.
जोंधळे पाखडता येतीन, येवढी हलकी.
अन् मी तं कॉफी पाह्यलीही नव्हती बाप्पा."
मला रडू आलं. ते सुटकेचं होतं
की आणखी एका बाईचं नाव यादीत चढल्याचं,
अजून ठरवता आलेलं नाही.

आता ती रोज अडीचला उठते.
घड्याळ लावल्यासारखी, मुठी आवळून,
जणू तिच्याशिवाय बडनेऱ्याला काही हलणार नाही.
मीही उठते. काही न पिता.
अजनीकडून एक मालगाडी जाते,
भरलेली की रिकामी, आवाजावरून मला कळतं.
ती माझ्या दंडावर किती भरली
ते मात्र कळत नाही.
शुक्रवारी काटा आहे.